कुंपणावरचं कोर्ट

माझ्या लहानपणी आमच्या दारात आलेली आंब्यांची प्रत्येक पेटी आल्या पावली परत गेली. पेटी गेली तरी वास मागे राहायचा, आणि मी मुद्दाम व्हरांड्यात अभ्यासाला बसून तो वास संपवायचे. बाबा न्यायाधीश होते. तालुक्याच्या गावांमधले दिवाणी न्यायाधीश. एका गावात जरा ओळखी व्हायला लागल्या की बदली. न्यायाधीशाने कुणाकडे जेवायला जायचं नाही, वकिलांच्या घरच्या लग्नाला जायचं नाही, वाण्याशी भावापलीकडे बोलायचं नाही. कारण आज जो वाणी आहे तो उद्या पक्षकार म्हणून समोर उभा राहू शकतो. बाबांच्या लेखी जगातला प्रत्येक माणूस उद्याचा पक्षकार होता. माझ्या वाढदिवसाला आम्ही तिघं आणि कोर्टाचा पट्टेवाला एवढीच मंडळी असायची, आणि पट्टेवालासुद्धा शिरा उभ्यानेच खायचा.

एकदा एका वकीलसाहेबांच्या बायकोने आईसाठी डबा भरून पुरणपोळ्या पाठवल्या. आईने नियमाप्रमाणे डबा पट्टेवाल्याच्या हाती परत दिला. तो गृहस्थ कोर्टामागच्या कडुनिंबाखाली बसला, सगळ्या पोळ्या त्याने खाल्ल्या, डबा नळावर विसळला आणि वकिलीणबाईंना नेऊन दिला. घरी येऊन आईला म्हणाला, "दिला परत, बाईसाहेब. लई हळहळल्या त्या." पुढे देवळात गाठ पडली तेव्हा वकिलीणबाईंनी आईला विचारलं, "पोळ्या कशा झाल्या होत्या हो?" आई म्हणाली, "छान." आणि घरी आल्यावर तिने बाबांशी अबोला धरला. लाच घेतल्याचं पाप पदरात पडलं आणि तोंडात पोळीचा तुकडाही पडला नाही, असं तिचं म्हणणं होतं. कायद्याच्या दृष्टीने मला ते आजही बिनतोड वाटतं.

बाबा निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने त्यांना शाल आणि नारळ दिला. शाल त्यांनी परत केली. नारळ ठेवून घेतला, कारण तो नाशवंत आहे आणि परत करण्यात अर्थ नाही. आईने त्याच्या वड्या केल्या आणि त्या ऑफिसलाच पाठवल्या. म्हणजे तोही परतच गेला.

हे सगळं ऐकायला गमतीचं आहे, पण त्याचा हिशेब शेवटी आला. आई गेली तेव्हा भेटायला आलेल्यांत नातेवाईक होते, पण बाबांचा म्हणावा असा एकही माणूस नव्हता. आयुष्यभर ज्यांनी कुणाकडे चहा घेतला नाही, त्यांच्याकडे चहाला कोण येणार? बाबा खुर्चीत ताठ बसून होते, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा अशी ज्याची हिंमत व्हावी असा मनुष्य त्या खोलीत नव्हता. मीही ठेवला नाही.

मग मी त्यांना तीन महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियात, सिडनीजवळच्या ब्लॅकटाउनला आणलं. मी इथे शिकायला आले होते आणि इथलीच झाले होते. एका विमा कंपनीत, गाड्या ठोकून घेतलेल्या लोकांचे फोन घ्यायचं माझं काम. बाबा आले आणि मागोमाग करोना आला. सीमा बंद झाली, व्हिसा वाढत गेला, माझं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं. नवरा गोदामात सुपरवायझर, त्याला घरून काम कसलं. तो पहाटे निघून जायचा. मी दिवसभर कानाला हेडफोन लावून परक्या लोकांशी गोड बोलायचे आणि माझे सख्खे वडील मागच्या अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गॅरेजच्या दाराकडे तोंड करून बसायचे. तासन्तास. काही विचारलं तर उत्तर एका शब्दात. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "तब्येत ठीक आहे. पण ते बोलतात कुणाशी?" त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तेवढी एकच काळजी होती. हा माणूस आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत मुका होत चालला होता, आणि मी त्याला माणूस कुठून आणून देऊ? तेव्हा तर पाहुण्याला दारात उभं करणंसुद्धा गुन्हा होता.

पहिली फट पाडली ती एका मेलेल्या अमेरिकन न्यायाधीशाने.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर खांबावर एक लाकडी पेटी आहे. नको असलेलं पुस्तक आत ठेवायचं, हवं ते घेऊन जायचं. लॉकडाउनमध्ये व्यायामापुरती परवानगी असलेल्या फेरीत बाबांना त्यात एक जाडजूड चरित्र दिसलं. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली तेव्हाचा, तिथल्या एका राज्याचा न्यायाधीश. बाबांनी कधी नाव ऐकलेलं नाही, मीही नाही. पण फुकट पुस्तक उचलणं म्हणजे भेट स्वीकारणं. म्हणून ते घरी परत आले, माझं न उघडलेलं इन्कम टॅक्सचं मार्गदर्शक घेऊन गेले, ते पेटीत ठेवलं आणि मगच चरित्र उचललं. ते मार्गदर्शक अजून तिथेच आहे.

त्या रात्री जेवताना बाबा स्वतःहून बोलले. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

"हा इसम," ते म्हणाले, "शेतकऱ्याचा मुलगा. कायद्याच्या कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. एका वकिलाकडे कागदांच्या नकला करून करून कायदा शिकला आणि थेट न्यायाधीश!"

"हुशार असेल," नवरा म्हणाला.

"प्रश्न हुशारीचा नाही. कोर्टाला इमारत नाही म्हणून खानावळीत कोर्ट भरवायचा. दारूच्या खानावळीत! आणि ज्यूरी विचार करायला कुठे बसायची? गोठ्यात."

दुसऱ्या दिवशी जेवणाला पुढचा भाग. हा न्यायाधीश घोड्यावर बसून गावोगाव कोर्टं घेत फिरायचा, आणि सोबत त्याच कोर्टांत काम चालवणारे वकील घोड्यांवर. रस्त्यात नदी लागली की सगळे मिळून पार करायचे. एकदा साहेब घोड्यासकट पाण्यात पडले, आणि कायद्याची पुस्तकं वकिलांनी शेकोटीपाशी पान पान करून वाळवली. रात्री खाटा कमी पडल्या की न्यायाधीश आणि वकील एका खाटेवर.

"एका खाटेवर!" बाबांनी ताटावर हात आपटला. "आणि सकाळी त्याच वकिलाचा दावा फेटाळायचा! अशा माणसाची सरळ खातेनिहाय चौकशी व्हायला हवी होती. शिवाय घोडा कुणाचा होता, हे लेखकाने कुठेच स्पष्ट केलेलं नाही. पक्षकाराचा तर नव्हता?"

मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. बाबा संतापले होते. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

दुसरी फट कोंबडीने पाडली.

आमचं परसू, शेजारच्या आजोबांचं परसू आणि मागच्या घरातल्या बाईंचं परसू एका कोपऱ्यात मिळतात. आजोबा एकटेच राहायचे. रेल्वेत गार्ड होते, बायको जाऊन काही वर्षं झालेली, आणि त्यांच्याकडे एक लिंबाचं झाड होतं ज्याच्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव. मागच्या बाई फिलिपिन्सच्या, हॉस्पिटलात नर्स, आणि त्यांच्याकडे कोंबड्या. कुंपण जुन्या लाकडी फळ्यांचं, आणि कोपऱ्यात खाली एक फळी कुजून भगदाड पडलेलं. बाईंची एक तांबडी कोंबडी त्यातून रोज पलीकडे जायची आणि आजोबांच्या लिंबाखाली अंडं घालून परत यायची. एरवी याची कुणी दखल घेतली नसती. पण सुपरमार्केटातली अंडी गायब झाली होती, टॉयलेट पेपरच्या पाठोपाठ. आजोबा ते अंडं उकडून खात होते. बाईंना एक दिवस ते कळलं, आणि तीन परसांत ऐकू जाईल असं भांडण झालं.

मी मध्ये पडले आणि मूर्खासारखं बोलून गेले, "माझे वडील न्यायाधीश होते."

"मग विचार की त्यांना!" आजोबा म्हणाले. ते त्यांच्या खास ऑस्ट्रेलियन इंग्रजीत बोलायचे, मी इथे मराठीत आणते आहे. पण 'मेट' म्हणजे दोस्ता आणि 'नो वरीज' म्हणजे हरकत नाही, एवढं तसंच राहू देते, त्याशिवाय ते आजोबा वाटणार नाहीत.

बाबांनी साफ नकार दिला. "मला इथे अधिकारक्षेत्र नाही." पण संध्याकाळी पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाले, "दोन्ही पक्षांची संमती असेल तर लवाद म्हणून ऐकता येईल. शिवाय या दाव्यात माझा काडीचाही हितसंबंध नाही. या घरात अंडं येत नाही."

मी भाजीकडे बघितलं. नवऱ्याने मोबाइलकडे. खरी गोष्ट अशी की बाबा आल्यापासून आम्ही दर रविवारी गॅरेजचं दार लावून कॅम्पिंगच्या शेगडीवर आमलेट करत होतो.

कोर्ट भरलं ते माझी शिफ्ट संपल्यावर, ऊन उतरताना. कुणी कुणाकडे जायचं नव्हतंच, म्हणून प्रत्येक जण आपापल्या परसात. कुंपण डोक्याइतकं उंच, तेव्हा आजोबा लिंबं काढायच्या शिडीवर, बाई पालथ्या घातलेल्या टबावर, आणि बाबा आमच्या स्वयंपाकघरातल्या घडीच्या शिडीवर. ती शिडी डुगडुगायची म्हणून खाली धरून मी. बाबांनी नवऱ्याचा इंटरव्ह्यूचा काळा कोट घातला होता. नवरा आडवा, बाबा शिडशिडीत. कोट खांद्यावर टांगल्यासारखा दिसत होता. खाली लेंगा. पण कुंपणावर दिसणाऱ्या भागात न्यायव्यवस्थेची शान पुरेपूर होती.

"पुकारा कर," बाबा मला म्हणाले.

"अहो बाबा, दोघं समोरच आहेत."

"पुकाऱ्याशिवाय काम सुरू होत नाही."

मी शिडी धरल्या धरल्या 'हाजीर हो' केलं. पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. ते थांबेपर्यंत बाबा थांबले. मग वरून पोलिसांचं हेलिकॉप्टर गेलं. त्याच्यासाठीही थांबले, आणि त्याच्याकडे असं पाहिलं की पट्टेवाल्याने त्याला बाहेर काढायला हवं होतं.

बाईंनी म्हणणं मांडलं: कोंबडी माझी, दाणा माझा, अंडं माझं. आजोबांनी म्हणणं मांडलं: मी काही कोंबडीला बोलवायला गेलो नव्हतो, मेट, माझ्या जमिनीवर जे पडलं ते माझं. शिवाय माझ्या लिंबाची एक फांदी हिच्या अंगणात जाते आणि पडलेली लिंबं ही उचलते, ते मी कधी बोललो?

"हा प्रतिदावा आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असा आनंद होता की मी शिडी सोडून वर बघितलं आणि शिडी हलली. "याला वेगळी तारीख लागेल."

बाईंनी पुरावा म्हणून कोंबडी उचलून दाखवली. मी खालून म्हटलं, "बाबा, मुद्देमाल हजर आहे."

"मुद्देमाल फौजदारीत," ते वळूनही न पाहता म्हणाले. "दिवाणीत वादविषय म्हणायचं. आणि वादविषय अंडं आहे. कोंबडी फार तर साक्षीदार."

काम तहकूब झाल्यावर आजोबांनी थर्मास वर केला. "चहा घेणार, जज?"

"आभारी आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. पक्षकाराकडून मला काही घेता येत नाही."

"नो वरीज," आजोबा म्हणाले आणि शिडीवर बसून एकट्यानेच प्यायले.

त्यानंतर संध्याकाळी संध्याकाळी तारखा पडू लागल्या. बाईंच्या हॉस्पिटलात तेव्हा काय चाललं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरच्या मास्कच्या वळांवरून दिसायचं, त्या हजर नसल्या तर बाबा म्हणायचे, "वादी कामावर आहे, हे सबळ कारण आहे." अशा दिवशी नुसती प्रतिवादीची उलटतपासणी व्हायची. ती अंड्यापासून सुरू व्हायची आणि कुठेही जायची. आजोबा गार्ड असताना रात्रीच्या मालगाडीतून एक बकरी कशी उतरली. बाबांच्या कोर्टात एका म्हशीच्या मालकीसाठी दोन्ही पक्षांनी म्हशीलाच कसं हाका मारून बोलावलं आणि ती तिसऱ्याच माणसाकडे कशी गेली. आजोबांची बायको लिंबाचा केक कसा करायची. आईच्या वड्या कशा व्हायच्या. मी शिडी धरून ऐकत असायचे. आईच्या हाताला चव होती हे बाबा एका रेल्वे गार्डला सांगत होते. आईला त्यांनी ते कधी सांगितल्याचं मला आठवत नाही.

"या प्रश्नाचा दाव्याशी संबंध काय?" मी एकदा खालून विचारलं, कारण माझ्या दंडाला रग लागली होती.

"साक्षीदाराची विश्वासार्हता तपासतो आहे," बाबा म्हणाले.

प्रत्येक तारखेला शेवटी थर्मास वर व्हायचा, आणि प्रत्येक वेळी बाबा नाही म्हणायचे. पण सुरुवातीला ते न्यायासनावरून बोलल्यासारखं नाही म्हणायचे, नंतर नंतर थर्मासकडे बघत म्हणायचे. इकडे जेवणाच्या टेबलावर अमेरिकन न्यायाधीशाची चौकशीही सौम्य होत चालली होती. "अर्थात त्या काळी रस्ते नव्हते," बाबा म्हणाले. "एकट्याने प्रवास करणं धोक्याचंच." आणि एकदा ताट बाजूला सारून, "त्याच्या निकालांवर कुणी बोट ठेवलेलं नाही. सगळ्यांबरोबर जेवत होता, तरीही."

मग तडजोड आली ती बाजारातून. सुपरमार्केटात अंडी परत आली. बाईंनी बारा अंड्यांचा खोका आणला आणि कुंपणावरून आजोबांना म्हणाल्या, "राहू दे आता. तांबडीचं अंडं तूच खा." आजोबा म्हणाले, "अगं नको, तुझंच आहे ते. आणि लिंबं हवी तेवढी ने." दोघं हसले. मग दोघांनी बाबांकडे पाहिलं, की झालं ना आता.

बाबांचा चेहरा पडला. "अशी तोंडी तडजोड चालत नाही," ते म्हणाले. "अटी स्पष्ट व्हायला हव्यात. पुढची तारीख."

पुढच्या तारखेला अटी स्पष्ट झाल्या. बाबांनी स्थळपाहणी काढली. त्याच्या पुढच्या तारखेला कोंबडीचं वय काढलं. बाई थकून भागून डबल शिफ्ट करून टबावर उभ्या होत्या, जांभया देत. मला बाबांचा राग आला. दुसऱ्याच्या थकल्या जिवाशी हे काय खेळणं! घरात आल्यावर मी कोटाच्या बाह्या धरूनच विचारलं.

"बाबा, तुम्ही आयुष्यात कधी कुणाला उगाच तारीख दिली नाहीत. याचा निकाल का देत नाही?"

त्यांनी कोट काढला, घडी केली, खुर्चीच्या पाठीवर ठेवला. परत उचलला, परत घडी केली.

"निकाल दिला की कोर्टाने उठायचं असतं," ते म्हणाले. "मग संध्याकाळी कुंपणापाशी जायला काय कारण?"

"जायचं की सहज. गप्पा मारायला."

"मी त्या माणसाच्या विरुद्ध निकाल देणार आहे. अंडं बाईंचंच आहे, त्यात शंका नाही. हरलेला पक्षकार न्यायाधीशाचं तोंड पुन्हा बघत नाही, बाळ. इतक्या वर्षांत मी एकही पाहिला नाही. रस्त्याच्या पलीकडे जातात." मग कोटाची बाही सरळ करत म्हणाले, "तुझी आई म्हणायची, तुम्ही निवृत्त झालात की आपण लोकांकडे जाऊ. मी म्हटलं, बघू. तर ती तारीखही राहिली."

मला रडू आलं. बाबांना रडणारी साक्षीदार आवडत नाही, म्हणून मी भांडी घासायला गेले.

त्या आठवड्यात पुस्तक संपलं. शेवटच्या प्रकरणात अमेरिकन न्यायाधीश म्हातारा झाला, बहिरा झाला, घोड्यावर चढवायला माणूस लागू लागला, आणि एका हिवाळ्यात वारला. त्याची तिरडी, म्हणजे त्यांची शवपेटी, त्याच्यासमोर दावे हरलेल्या वकिलांनी उचलली. बर्फातून. बाबांनी हे आम्हाला सांगितलं नाही. ते पान उघडं ठेवून झोपायला गेले, म्हणून मी वाचलं. सकाळी मला म्हणाले, "आज बोर्डावर निकाल आहे. बाईंना वेळ विचार." बोर्ड म्हणजे कोर्टाची त्या दिवशीच्या कामांची यादी.

निकाल इंग्रजीत झाला, उभ्याने, आणि त्यात पाल्हाळ नव्हता. कोंबडीचं उत्पन्न कोंबडीच्या मालकिणीचं, ते कुठेही पडलेलं असो. लिंबं झाडाच्या मालकाची. कोंबडीने लिंबाखाली जे इतर काही टाकलं असेल ते खत म्हणून प्रतिवादीने ठेवून घ्यावं. कुंपणातलं भगदाड बुजवण्याचा आदेश देण्याची या न्यायालयाला गरज वाटत नाही. खर्च ज्याचा त्याने सोसावा. बाई टाळ्या वाजवून झोपायला गेल्या. आजोबा डोकं खाजवत म्हणाले, "म्हणजे मी हरलो?"

"होय," बाबा म्हणाले. त्यांनी पायरी पायरीने शिडी उतरली. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरलं तरी बाबांनी कोट मागितला नाही. प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, गॅरेजकडे तोंड केलं आणि बसले. मी खिडकीतून बघत होते. कानात कुणीतरी बाई त्यांच्या ठोकलेल्या गाडीबद्दल बोलत होत्या आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मनातल्या मनात मी शेजारच्या म्हाताऱ्याला शिव्या घालत होते. एका अंड्यासाठी! ये ना रे म्हाताऱ्या, ये ना शिडीवर.

कुंपणापलीकडे शिडी आपटल्याचा आवाज झाला. मग पांढरं डोकं.

"जज! केस संपली ना?"

बाबा उभे राहिले. "संपली."

"पुरती संपली? आता काही न्याय... काय ते तुझं, नाही ना?"

"नाही. आता काहीही प्रलंबित नाही."

"मग साखर किती?"

बाबा हलले नाहीत. मी फोनवरच्या बाईंना होल्डवर टाकलं, नोकरी गेली तर गेली, आणि धावत जाऊन शिडी लावली. बाबा बिनकोटाचे, सदरा-लेंग्यावर, वर चढले. कुंपणावरून थर्मासचं झाकण त्यांच्या हातात आलं. टी-बॅगचा चहा, आलं नाही, वेलची नाही, उकळी नाही. बाबांनी घरात असला चहा मोरीत ओतला असता. ते प्यायले. सगळा प्यायले. मग म्हणाले, "साखर दोन चमचे हवी होती," आणि आजोबा म्हणाले, "नो वरीज, उद्यापासून."

मग आजोबांनी खालून ताटली वर काढली. लिंबाचा केक, एका बाजूने करपलेला. "बायकोचा आहे. म्हणजे करायची ती. मी पहिल्यांदा केला."

बाबांनी तुकडा हातात घेतला आणि विचारलं, "यात अंडं आहे?"

मी खाली डोळे मिटले. आजोबा खोटं बोलले असते तर मी त्यांना माफ केलं असतं.

"आहे, मेट. तांबडीचंच. शेजारणीने सकाळी आणून दिलं. म्हणाली, निकाल माझ्या बाजूने लागलाय, आता मी कुणालाही देईन."

मी मान वर केली. बाबा चावत होते. सावकाश, एखादा जुना कागद वाचावा तसे.

"बाबा," मी खालून मराठीत म्हटलं, "तुम्ही मुद्देमाल खाल्लात."

"वादविषय," ते भरल्या तोंडाने म्हणाले. आणि घास गिळून, "आईच्या फोटोसमोर बोलू नकोस. आणि तुमच्या गॅरेजमधल्या आमलेटपेक्षा वास बरा आहे याचा."

मी शिडीला कपाळ टेकवून हसत सुटले. आजोबांना काही कळलं नाही, तरी ते हसले. मग त्यांनी थर्मासचं झाकण लावलं आणि विचारलं, "उद्या, जज? याच वेळेला?"

बाबांनी सदऱ्यावरचे केकचे कण झटकले. सवयीने त्यांनी मान जराशी तिरकी केली, बोर्ड बघायला करायचे तशी.

"उद्या बोर्डावर काही नाही," ते म्हणाले. "तरी येतो."